होंडा सीबी४०० फोर: न खपलेल्या ३५० मधून घडलेली गाडी

प्रश्न तीन भागांत आला आहे. होंडाची १९७० च्या दशकातली सीबी४०० फोर मुळात घडली कशी, एवढं नाव असूनही ती तीन वर्षांतच बंद का झाली, आणि मुंबईत कुणाकडे एक मिळतेय तर घ्यावी का. जुन्या जपानी चार सिलिंडरच्या गाड्यांची इंजिनं उघडणं हाच माझा धंदा, त्यामुळे उत्तर थोडं मेकॅनिकच्या बाजूने झुकलेलं असेल.

आधी मुद्द्याचं सांगतो. ही गाडी कोऱ्या कागदावर आखलेली नाही. बाजारात न चाललेल्या ३५० फोरवर केलेली ती डागडुजी होती, फक्त ती करणाऱ्यांनी नेमकं काय बदलायचं आणि कशाला हात लावायचा नाही हे अचूक ओळखलं. आणि ती बंद झाली त्यात गाडीचा दोष नव्हता. चार सिलिंडर बांधायचा खर्च चारशे सीसीच्या किमतीत बसवणं होंडाला परवडत नव्हतं, असं माझं मत आहे.

होंडाची मोठी चार सिलिंडरची गाडी म्हणजे सीबी७५०. तिच्यावर फार वेळ घालवत नाही, ती कथा सगळ्यांना पाठ आहे. ऑक्टोबर १९६८ च्या टोकियो मोटर शोमध्ये ती दिसली आणि १९६९ मध्ये विक्रीला आली. एका ओळीत चार सिलिंडर ही मांडणी होंडा १९५९ पासून रेसमध्ये वापरत होती. इटलीच्या एमव्ही अगुस्ताने १९६६ मध्ये रस्त्यावर चालवायची चार सिलिंडरची ६०० काढली होती खरी, पण ती मोजक्या श्रीमंतांसाठी. नोकरदार माणसाला कर्ज काढून घेता येईल अशी चार सिलिंडरची गाडी दिली ती होंडाने.

आपल्या विषयाच्या दृष्टीने ७५० पेक्षा १९७१ ची सीबी५०० जास्त महत्त्वाची. ४०० फोरचं रक्त तिथून आलंय. ७५० मध्ये इंजिनऑइल वेगळ्या टाकीत असायचं; ५०० मध्ये ते नेहमीच्या गाड्यांसारखं इंजिनाच्या तळाशी आणलं. ७५० मध्ये क्रँककडून (पिस्टनच्या वरखाली होण्याने फिरणाऱ्या मुख्य दांड्याकडून) ताकद पुढे न्यायला दोन साध्या चेन होत्या. ५०० मध्ये त्याजागी एकच रुंद, उलट्या दात्यांची चेन आली. क्रँकच्या मधून निघालेली ही चेन एक मधला शाफ्ट फिरवते आणि त्यावरचा गिअर क्लच फिरवतो. आवाज कमी, झीज कमी, आणि इंजिन आटोपशीर. बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ५६ मिमी; स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली धाव, ५०.६ मिमी; एकूण ४९८ सीसी. त्या काळच्या होंडांमध्ये सगळ्यात नीट विचार करून बांधलेलं इंजिन कोणतं असं मला कुणी विचारलं तर मी ७५० सोडून ५०० चं नाव घेतो. पुष्कळांना हे पटत नाही, चालायचंच.

मग १९७२ मध्ये होंडाने हाच आराखडा आणखी लहान करून सीबी३५० फोर काढली. (आज आपल्याकडे सीबी३५० नावाने जी मिळते ती एक सिलिंडरची, तिचा याच्याशी नावापलीकडे संबंध नाही.) बोअर ४७, स्ट्रोक ५०, एकूण ३४७ सीसी, पाच गिअर, चार स्वतंत्र सायलेन्सर. चालवायला लोण्यासारखी मऊ. पण शोरूममध्ये तिच्या शेजारी कोण उभं होतं ते बघा: होंडाचीच दोन सिलिंडरची सीबी३५०. ती ३२५ सीसीची, ३६ अश्वशक्तीची, कितीतरी हलकी आणि स्वस्त, आणि अमेरिकेत लाखांनी खपलेली. फोर होती ३४ अश्वशक्तीची. म्हणजे जास्त पैसे मोजा, जास्त वजन ओढा आणि सिग्नलवरून सुटताना आपल्याच कंपनीच्या स्वस्त गाडीच्या मागे राहा. अशी गाडी विकायची कशी?

इथे होंडापुढे दोन वाटा होत्या. ३५० गुंडाळून टाकायची, किंवा तिचं बरंचसं यंत्र तयार आहे त्यातून काहीतरी विकण्याजोगं काढायचं. डिसेंबर १९७४ मध्ये जपानात आलेली सीबी४०० फोर ही दुसरी वाट.

इंजिनात मुख्य बदल एकच: बोअर ४७ वरून ५१ मिमी केला. स्ट्रोक ५० मिमीच ठेवला, त्यामुळे क्रँकची मांडणी तीच राहिली. एकूण ४०८ सीसी झाले, ताकद ८५०० आरपीएमला ३७ अश्वशक्ती. भारतीय वाचकाला याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. आपली हिरो होंडा सीडी१००, जिच्यावर अर्ध्या महाराष्ट्राने दूध, पेपर आणि गॅसच्या टाक्या वाहिल्या, तिचा बोअर ५० आणि स्ट्रोक ४९.५ मिमी. म्हणजे ४०० फोर ही मापाने जवळपास चार सीडी१०० एका क्रँकवर. सीडीचा पिस्टन हातात घेतलेल्या माणसाला ४०० फोरचा पिस्टन बघून आश्चर्य वाटत नाही. वाटतं ते या गोष्टीचं, की तेवढ्याच पिस्टनमधून इथे सव्वानऊ अश्वशक्ती निघतात आणि तो बिनतक्रार दहा हजार आरपीएमपर्यंत फिरतो. वर कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) एकच, प्रत्येक सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, २० मिमीचे चार केहिन कार्ब्युरेटर. त्या काळासाठीसुद्धा यात क्रांतिकारक काही नव्हतं.

तीन अश्वशक्ती वाढल्याने कुठली गाडी अमर होत नाही. फरक पडला तो बाकीच्या तीन गोष्टींनी.

पहिली, सहावा गिअर. लहान पिस्टनच्या चार सिलिंडर इंजिनात खालच्या आरपीएमला दम नसतो. ४०० फोर पाच हजाराच्या खाली नुसती फिरते, ओढत नाही. सहा गिअर जवळजवळ लावले की चढावर, वळणावर इंजिन त्याच्या आवडत्या पट्ट्यात ठेवता येतं. ज्यांना डावा पाय सतत हलवायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी ही गाडी नव्हेच, आणि अमेरिकेतल्या बऱ्याच गिऱ्हाइकांना तो कंटाळा होता.

दुसरी, बसण्याची ढब. हँडल खाली आणि सपाट, फूटरेस्ट मागे. युरोपात, विशेषतः इंग्लंडमध्ये, पोरं स्वतःच्या खर्चाने गाड्यांना असं रूप देत होती. होंडाने ते कारखान्यातूनच दिलं. टाकी लांबट, एका रंगाची, पट्टे नाहीत, चमचमाट नाही. सुरुवातीला लाल आणि निळा, नंतर पिवळाही. त्या दशकातल्या इतर जपानी गाड्यांवरची नक्षी आठवली तर हा संयम किती वेगळा होता ते कळतं.

तिसरी गोष्ट म्हणजे तो सायलेन्सर. लोक आजही या गाडीच्या उजव्या बाजूला उभे राहून फोटो काढतात ते याच्यासाठी. चार बेंडपाइप (धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या नळ्या) हेडमधून, म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणातून, बाहेर पडतात, चौघेही एकामागोमाग एक उजवीकडे झुकत खाली उतरतात आणि इंजिनाखाली एकत्र येऊन एकाच सायलेन्सरमध्ये जातात. होंडाच्या विकाऊ गाडीवर चारचा एक हा प्रकार पहिल्यांदाच आला. त्याआधी चार सायलेन्सर म्हणजे श्रीमंती असं समीकरण होतं. इथे तीन सायलेन्सर काढून टाकले आणि गाडी जास्त महागाची दिसायला लागली! हिशेबही साधा आहे: वजन घटलं, क्रोमचा खर्च घटला, डावी बाजू मोकळी झाल्याने गाडी जास्त झुकवता येऊ लागली. शिवाय अशा इंजिनात क्रँकच्या प्रत्येक अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो. एका पाइपमधून जोरात गेलेला धूर जोडाशी दाब कमी करतो, त्यामुळे पुढच्या सिलिंडरचा धूर ओढला जातो. चार पाइप स्वतंत्र ठेवले तर हा फायदा मिळत नाही.

फ्रेम, पुढचा एक डिस्क ब्रेक, मागचा ड्रम हे सगळं साधंच. आणि वेगाचं म्हणाल तर खरं बोलू या: त्या काळी याच पैशात यामाहाची टू-स्ट्रोक आरडी मिळायची, आणि सरळ रस्त्यावर ती ४०० फोरला मागे टाकायची. ज्यांनी आपल्याकडची राजदूत ३५० चालवली आहे (ती आरडी३५० चीच, ताकद कमी केलेली भारतीय आवृत्ती) त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. पण आरडी धूर सोडते, पेट्रोल पिते आणि हातापायांना झिणझिण्या आणते. ४०० फोर दिवसभर आठ हजारावर चालवली तरी उतरताना माणूस ताजा असतो. १९७७ मध्ये आइल ऑफ मॅन बेटावरच्या रस्त्यांवर नव्याने सुरू झालेल्या फॉर्म्युला थ्री टीटी शर्यतीत जॉन किडसन जिंकला तो हीच होंडा घेऊन. तिथल्या साठ किलोमीटरच्या एका फेरीत फुटून न पडता सतत पिळत राहणारं इंजिन लागतं, आणि ते हिच्याकडे होतं.

आता ती मेली कशी. ऑक्टोबर १९७५ पासून जपानने दुचाकीच्या लायसन्सचे नियम बदलले. मधल्या गटाचं लायसन्स ४०० सीसीपर्यंत. त्यावरच्या गाडीसाठी वेगळी परीक्षा, जी पास होणं मुद्दाम अवघड ठेवलेलं. ४०० फोर होती ४०८ सीसीची. आठ सीसी जास्त भरल्याने ही गाडी घरच्याच बाजारात पोरांच्या हाताबाहेर गेली. मार्च १९७६ मध्ये होंडाने जपानसाठी स्ट्रोक ५० वरून ४८.८ मिमी करून ३९८ सीसीची आवृत्ती काढली, ३६ अश्वशक्तीची. विचार करा, आठ-दहा सीसी कमी करायला क्रँकशाफ्टच बदलावी लागली. त्यातही दोन प्रकार केले: खालच्या हँडलची आणि उंच हँडलची. अमेरिकेसाठी १९७७ मध्ये हँडल उंच केलं, फूटरेस्ट पुढे आणले, टाकीवर रेषा ओढल्या. म्हणजे जे करून ३५० ची ४०० झाली होती तेच पुसायला घेतलं. विक्रेत्यांच्या सांगण्यावरून गाडी अशी बदलायला लागले की तिचे दिवस भरले असं खुशाल समजावं.

त्याच १९७७ मध्ये होंडाने सीबी४००टी हॉक आणली. दोन सिलिंडर, ३९५ सीसी, प्रत्येक सिलिंडरला तीन व्हॉल्व्ह, ४० अश्वशक्ती. दोन कार्ब्युरेटर, निम्मे पिस्टन, निम्म्या रिंगा, आणि ताकद जास्त. हिशेबनिसाच्या टेबलावर ४०० फोरला काही उत्तर नव्हतं. हॉक उत्तम गाडी होती, मी ती बांधली आहे, इंजिनात खोट काढायला जागा नाही. तिच्यासाठी कुणी रात्र जागवली असं मात्र माझ्या ऐकण्यात नाही.

पुढचा भाग मला जास्त गमतीचा वाटतो. जपानी पोरांनी होंडाचा हा हिशेब मान्यच केला नाही. लायसन्सने त्यांना ४०० वर अडवून ठेवलं होतं, त्यामुळे त्यांना ४०० मध्येच मोठ्या गाडीची ऐट हवी होती, आणि ऐट म्हणजे चार सिलिंडर. १९७९ मध्ये कावासाकीने झेड४००एफएक्स आणली: ३९९ सीसी, दोन कॅमशाफ्ट, ४३ अश्वशक्ती. त्यावर लोक तुटून पडले. १९८० मध्ये यामाहाची एक्सजे४००, १९८१ मध्ये सुझुकीची जीएसएक्स४००एफ. ज्या कंपनीने हा प्रकार जन्माला घातला तीच नेमकी रिकाम्या हाताने उभी. होंडाने उत्तर दिलं नोव्हेंबर १९८१ मध्ये, सीबीएक्स४००एफ: सोळा व्हॉल्व्ह, बोअर ५५, स्ट्रोक ४२, ११,००० आरपीएमला ४८ अश्वशक्ती. बेंडपाइप पुन्हा समोरून दिसतील असे खास वळवलेले. धडा शिकला होता तर.

१९८४ ला सुझुकीच्या ॲल्युमिनियम फ्रेमच्या जीएसएक्स-आर४०० मध्ये ताकदीचा आकडा ५९ अश्वशक्तीवर गेला आणि कंपन्यांनी आपसात तिथे मर्यादा घातली. दशकाच्या शेवटी लोक प्लास्टिकच्या फेअरिंगला (गाडीभोवतीच्या आवरणाला) कंटाळले. १९८९ मध्ये कावासाकीने हवेवर थंड होणारी, फक्त ४६ अश्वशक्तीची झेफिर४०० काढली आणि तीच धडाधड खपली. होंडाची सीबी४०० सुपर फोर एप्रिल १९९२ मध्ये आली. पाण्याने थंड होणारं इंजिन, तेच ५५ बाय ४२, खाली आणलेल्या नव्या मर्यादेप्रमाणे बरोबर ५३ अश्वशक्ती. १९९९ मध्ये तिला खालच्या आरपीएमला दोन आणि वर चार व्हॉल्व्ह चालवणारी यंत्रणा मिळाली. ४०८ ला जो दम खाली नव्हता तो आणायचा हा महागडा मार्ग. जपानातल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये पिढ्यान् पिढ्या पोरं हिच्यावर शिकली. धुराच्या नव्या नियमांमुळे २०२२ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

मध्येच १९९७ मध्ये होंडाने जुन्या आठवणींसाठी पुन्हा सीबी४०० फोर या नावाने एक गाडी काढली होती. तिला सायलेन्सर किती, सांगा? चार. मूळ गाडीचं नाव ज्या एका सायलेन्सरने झालं तोच नव्हता.

आता मुंबईतल्या गाडीचं. आपल्याकडे या गाड्या कधी अधिकृतपणे विकल्या गेल्या नाहीत. जी काही आहे ती कुणीतरी बाहेरून आणलेली. त्यामुळे इंजिनाआधी कागद बघा. आरसी बुकावरचा इंजिन आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी अक्षरन् अक्षर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

नंतर थंड इंजिन सुरू करायला सांगा. मालकाने आधीच गरम करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड असताना वरून खडखड येत असेल तर बहुतेक टायमिंग चेन, म्हणजे क्रँककडून कॅमशाफ्ट फिरवणारी चेन. तिचा ताण देणारी दांडी वर्षानुवर्षं हलवली नाही की गंजून जागीच अडकते. मग नट सैल करून ताण दिला असं मेकॅनिकला वाटतं, प्रत्यक्षात काहीच हललेलं नसतं. दांडी मोकळी होते, पण धीर लागतो. हातोडा घेणाऱ्याच्या हाती देऊ नका.

सगळ्यात मोठा खर्च हेडमध्ये लपलेला असतो. हिची कॅमशाफ्ट थेट हेडच्या ॲल्युमिनियममध्ये फिरते, बदलता येईल असं बेअरिंग तिथे नाही. ज्याने वेळच्या वेळी ऑइल बदललं नाही त्याने हेडच संपवलेलं असतं. कव्हर उघडून कॅमच्या बैठकीवर नख फिरवू द्या असा आग्रह धरा. ओरखडे नखाला लागले तर किमतीतून दुसऱ्या हेडचे पैसे वजा करा. हेडच्या सांध्यातून थोडं ऑइल पाझरतं ते मात्र या इंजिनाला नवीन नाही. आतले ओ-रिंग कडक झालेले असतात, हेड खोलल्यावर ते बदलून काम भागतं.

ऑइल फिल्टरचा बोल्ट समोरच दिसतो. त्याचं डोकं लहान असतं आणि आधीच्या कुणीतरी ते गोल केलेलं असतंच. ते गोल आहे की नाही यावरून आधीचे मेकॅनिक कसे होते ते कळतं, म्हणून मी पहिल्यांदा तिथे बघतो.

चार कार्ब्युरेटर ट्यून करणं सोपं आहे असं जो सांगेल त्याच्याकडे गाडी देऊ नका. इंजिन आणि कार्ब्युरेटरमधले रबर पन्नास वर्षांत लाकडासारखे होतात आणि बाजूने हवा ओढतात. आधी ते नवे बसवा, पॉइंटचा (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या संपर्काचा) गॅप आणि टायमिंग लावा, टॅपेट (व्हॉल्व्हची मोकळीक) लावा, आणि सगळ्यात शेवटी चारही कार्ब्युरेटर व्हॅक्यूम गेजवर जुळवा. क्रम उलटा केला तर महिनाभर नुसते स्क्रू फिरवत बसाल. पुढच्या ब्रेकचा कॅलिपर ज्या पिनवर झुलतो ती गंजून अडकते, मग एकच पॅड झिजतो. तीही बघा.

बेंडपाइप आणि सायलेन्सर अस्सल आहेत का हे नीट तपासा, कारण ते आतून कुजतात आणि मूळ सुटा भाग मिळाला तर तो चांगलाच महाग पडतो. गाडीवर चार सायलेन्सर दिसले तर ती ३५० आहे किंवा कुणीतरी ३५० चे पाइप चढवले आहेत.

४०८ की ३९८? भारतात लायसन्सचा तो प्रश्न नाही, त्यामुळे जी जास्त पूर्ण असेल ती. फक्त सुटे भाग मागवताना कोणती आहे ते आधी नक्की करा, क्रँक वेगळी आहे. आणि रोज ऑफिसला जायला चार सिलिंडरची ४०० हवी असेल तर जुनीच्या मागे लागूच नका. २०२३ पासून कावासाकीची झेडएक्स-४आर भारतात मिळते, ३९९ सीसीची. आली तेव्हा एक्स-शोरूम किंमत ८ लाख ४९ हजार होती. महाग आहे, पण सुट्या भागांसाठी इंग्लंड-जपानला पत्रव्यवहार करावा लागणार नाही.